मंडपातला ओळखीचा चेहरा

अर्धवटराव हा बाहुला भारतातल्या दूरचित्रवाणीपेक्षा वयाने मोठा आहे. बोलपटापेक्षाही मोठा. यशवंत केशव पाध्ये यांनी तो १९१६च्या सुमारास घडवला. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत लागला १९३१ मध्ये आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या केंद्रातून पहिलं चित्र बाहेर पडलं तेव्हा अर्धवटरावांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती आणि रंगमंचाची त्यांना चांगली सवय झाली होती. पाध्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये शिक्षणाने इंजिनिअर. त्यांनी वडिलांकडून शब्दभ्रमाची कला घेतली, बाहुलाही घेतला आणि दोन्ही टीव्हीवर आणलं. पुढे अर्धवटरावांच्या जोडीला आवडाबाई प्रसिद्ध झाल्या. ओठ मिटलेल्या माणसाशेजारी बसून हा बाहुला उद्धटपणे बोलायचा, आणि शेजाऱ्यांच्या घरी दाराशी दाटीवाटीने बसलेली पोरं खिदळायची.

मग भाद्रपदात कधीतरी तोच बाहुला चौकातल्या मंडपात समोर येऊन बसायचा. सतरंजीवर पुढे बसलेल्या मुलांचं अर्धं लक्ष बाहुल्याकडे आणि अर्धं पाध्यांच्या ओठांकडे. टीव्हीवर हा माणूस फसवतो की खरंच ओठ हलवत नाही, याचा निकाल तिथे लागायचा. आणि अर्धवटराव पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराकडे मान वळवून त्यालाच काहीतरी विचारायचे, तेव्हा त्या पोराच्या अंगावर जो काटा यायचा तो टीव्ही कधीच देऊ शकला नाही.

लहानपणी पडद्यावर पाहिलेला कलावंत उत्सवात प्रत्यक्ष भेटणं, ही महाराष्ट्रात आता रूढ झालेली गोष्ट आहे. गणपती असो, नवरात्र असो, सोसायटीचा वर्धापनदिन असो, पत्रिकेवर ‘प्रमुख आकर्षण’ म्हणून मालिकेतला एखादा चेहरा असतोच. हे खूळ टीव्हीने आणलं असं अनेकांना वाटतं. इतिहास वेगळं सांगतो. मंडपाचा मंच आधीचा, टीव्ही नंतरचा. मंचाने टीव्हीला माणसं पुरवली आणि ती माणसं नाव कमावून पुन्हा मंचावर आली.

हा मंच उभा राहिला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये गणपती बसवला, गिरगावात केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ मध्ये सुरू झाला आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या कल्पनेला साऱ्या महाराष्ट्रात नेलं. पहिलं कोण, हा वाद पुणेकर अजून आवडीने घालतात; त्यात इथे शिरण्याचं कारण नाही. महत्त्वाचं हे, की घरातल्या देव्हाऱ्यापुढे आरती होते आणि घरचे प्रसाद घेऊन उठतात. चौकातल्या मूर्तीपुढे दहा दिवस गर्दी बसून राहते. एवढ्या लोकांनी संध्याकाळी करायचं काय? त्याचं उत्तर होतं मेळे.

मेळा म्हणजे गाणाऱ्या मुलांचा ताफा. वीस-पंचवीसांपासून शेकडोंपर्यंत मुलं असत. डोक्याला फेटे, हातात टिपऱ्या किंवा लेझीम. उत्सवाच्या आधी कित्येक आठवडे एखाद्या आळीत किंवा तालमीत सराव चाले. पदं गणपतीची असत आणि त्यांच्या आडून स्वदेशीची, गोरक्षणाची, राज्यकर्त्यांना चिमटे काढणारीही असत. सरकारला ते कळत होतंच. पुण्यातला सन्मित्र समाज मेळा त्याच्या जहाल पदांमुळे सरकारच्या डोळ्यांवर आला आणि १९१०च्या सुमारास मेळ्यांवर इतकी बंधनं आली की राजकीय मेळ्यांचा पहिला बहर तिथेच खुरटला.

पण मंच रिकामा राहिला नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने पुण्यात छत्रपती मेळा उभा राहिला आणि ब्राह्मणेतर चळवळीची पदं त्याच उत्सवात घुमू लागली. दोन मेळे समोरासमोर आले की नुसत्या गाण्यावर भागत नसे. मेळ्यांत मुलींनी गावं की नाही, यावर वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले. म्हणजे ज्या जागेला आज आपण ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून हळद-कुंकू लावून मोकळे होतो, ती जागा त्या काळी समाजाच्या भांडणांची उघडी पेठ होती. हे विसरलं की उत्सवाचा इतिहास फार गुळचट होतो.

मेळ्यांचं दुसरं काम मात्र शांतपणे चालू होतं: ते मुलांना मंचावर उभं राहायला शिकवत होते. लावणीगायिका सुलोचना चव्हाण गिरगावात वाढल्या आणि बालपणी मेळ्यांतून गायल्या, कामं केली. पुढे त्यांची ध्वनिमुद्रिका वाजली नाही असं गाव महाराष्ट्रात उरलं नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळा, मास्तर, नाट्यप्रशिक्षण यांतलं काहीही परवडत नसलेल्या घरांतल्या मुलांसाठी मेळा हीच शाळा होती. वर्गणीतून फेटा मिळायचा, पेटीवाला गल्लीतलाच असायचा आणि श्रोते ओळखीचे असल्यामुळे चुकलं तर हसायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा उभं करायचे.

स्वातंत्र्यानंतर मेळे ओसरले, आणि चाळीच्या चौकातला मंच नाटक, नकला, एकपात्री प्रयोग, जादूचे खेळ, शाहिरी आणि वाद्यवृंद यांनी भरला. गिरणगावात कामगारांची स्वतःची रंगभूमी होती. दिवसपाळी करून आलेला माणूस रात्री राजा हरिश्चंद्र होत असे आणि त्याच्या बायकोचं काम शेजारच्या खोलीतला मिशा काढलेला तरुण करी. शिवाय रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवला जाई. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना पाट्यांची अक्षरं उलटी दिसत, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नसे. चाळीतल्या या हौसेचं पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’मध्ये जे चित्र काढलं ते १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्याचा त्यांनी पुढे एकपात्री प्रयोगही केला. हेच पु. ल. १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तिथल्या पहिल्या मंडळींत होते. मंच आणि पडदा यांचं नातं मराठीत असं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं, ते दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. पुण्याला १९७३ पासून सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे चित्र दिसू लागलं. टीव्ही बाळगायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. आख्ख्या चाळीत एखाद-दोन संच. ज्याच्या घरी तो असे त्याचं दार संध्याकाळी लावण्याची सोयच नव्हती. म्हणून टीव्हीसुद्धा सुरुवातीला सार्वजनिकच होता, एका छोट्या मंडपासारखा. रविवारच्या हिंदी सिनेमाला तर चपला जिन्यापर्यंत जात.

या केंद्राला कलावंत हवे होते, रोज हवे होते, आणि पैसे फारसे नव्हते. ते आले कुठून? प्रायोगिक नाटकांतून, कामगार रंगभूमीवरून, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून, आकाशवाणीतून आणि याच उत्सवी मंचांवरून. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने छोट्या छोट्या प्रहसनांतून कितीतरी चेहरे घरोघरी पोचवले. बातम्या सांगायला स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या. दोघींची पुढची कीर्ती वेगळी, पण अनेकांना त्या आधी बातम्यांमुळे ठाऊक झाल्या. मुलांसाठी ‘किलबिल’ होतं. आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले चिमणराव आणि गुंड्याभाऊ.

चिं. वि. जोशी यांच्या या जोडीला वाचक कित्येक दशकं ओळखत होते. दूरदर्शनने दिलीप प्रभावळकरांना चिमणराव केलं आणि बाळ कर्वे यांना गुंड्याभाऊ, आणि त्यानंतर ही पुस्तकं वाचताना दुसरे चेहरे डोळ्यांसमोर येणं बंद झालं. त्या काळी दुसरी वाहिनी नव्हती, त्यामुळे एका संध्याकाळी सगळं शहर एकच गोष्ट पाही आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबद्दलच बोले. बाळ कर्वे यांना तर लोक पुढे आयुष्यभर गुंड्याभाऊच म्हणत राहिले. आजच्या शेकडो वाहिन्यांच्या काळात असं चिकटणारं नाव मिळवणं फार कठीण आहे.

उत्सवाच्या पत्रिकेवर ‘दूरदर्शन कलाकार’ हे दोन शब्द याच काळात झळकू लागले. नकलाकार असो, गायक असो, बाहुल्यांचा खेळ करणारा असो, एकदा वरळीला जाऊन आला की त्याच्या नावामागे ते लागे. आधी नाटक कंपनीचं नाव सांगून कार्यक्रम ठरत, मग आकाशवाणीचं, आता दूरदर्शनचं. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने त्याचा उपयोग साधा होता: पत्रिका वाचून लोक म्हणत, ‘याला पाहिलंय की’, आणि चौक भरे.

ऐंशीच्या दशकात चेहऱ्याची ही ओळख भक्तीच्या पातळीला गेली. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी साडेनऊला दिसत असे. ७८ भाग. चित्रीकरण उमरगावला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या गुजरातच्या किनाऱ्यावर. मुंबईहून गाडीने जाण्याच्या अंतरावर. मालिका संपणार म्हटल्यावर जालंधरमध्ये सफाई कामगारांनी पुढच्या कथेसाठी संप केला होता, एवढी तिची पकड. मराठी प्रेक्षकांना त्यात आपली माणसं दिसत होती. दशरथ झालेले बाळ धुरी आणि कौसल्या झालेल्या जयश्री गडकर हे खऱ्या आयुष्यातही पती-पत्नी. भरत संजय जोग, मंथरा ललिता पवार. जयश्री गडकरांना ज्या पिढीने तमाशापटांत पाहिलं होतं, त्याच पिढीने त्यांना आता रामाची आई म्हणून हात जोडले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ सुरू झालं. त्यातले कृष्ण नितीश भारद्वाज मुंबईचे, मराठी रंगभूमीवरून आलेले आणि शिक्षणाने पशुवैद्य.

ही मंडळी समारंभांना जात तेव्हा लोक चपला काढून पुढे येत. म्हाताऱ्या बायका पाया पडत, मुलं हाताला हात लावून बघत. राम झालेल्या अरुण गोविल यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे, की एकदा सिगारेट ओढताना एका माणसाने त्यांना सुनावलं, आणि मग त्यांनी ती सोडली. नट आणि भूमिका यांतली रेघ पुसली गेली, असं म्हणून समीक्षक या प्रकाराला नाकं मुरडतात. ते फार घाईचं आहे. रामलीलेतल्या रामाला आणि दशावतारातल्या विष्णूला प्रयोगाच्या वेळी नमस्कार करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोकणात दशावताराच्या रात्री ज्याने शेजारच्या गावच्या माणसाला देव म्हणून पाहिलं, त्याला टीव्हीवरच्या रामाचे पाय धरणं विचित्र वाटण्याचं कारण नव्हतं. फरक एवढाच, की दशावतारी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात भेटे, आणि टीव्हीवरचा राम वर्षानुवर्षं काचेपलीकडेच राही. म्हणून तो मंडपात आला की लोकांचा बांध फुटे.

याच दशकात मंडपाचा पाया हलत होता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांच्या वाट्याला पुन्हा तो जुना पगार आला नाही. ज्यांच्या रुपया-दोन रुपयांच्या वर्गणीवर आणि रात्रीच्या तालमींवर गिरणगावचे उत्सव उभे होते, त्यांचीच घडी विस्कटली. पुढच्या काळात पावतीपुस्तकांची जागा हळूहळू जाहिरातींच्या कमानींनी आणि पुढाऱ्यांच्या फलकांनी घेतली. मंडळाचा खर्च जो उचलतो, पाहुणाही तोच ठरवतो. हौशी नाटकाला जाहिरातदार मिळत नाही. ओळखीच्या चेहऱ्याला मिळतो. टीव्हीवरचा पाहुणा मंडपाचा मुख्य कार्यक्रम झाला तो लोकांच्या वेडापायी कमी आणि या हिशेबापायी जास्त.

तरीही मंचातून माणसं निपजत होतीच. लक्ष्मीकांत बेर्डे यांना अभिनयाची गोडी लागली ती गिरगावातल्या गणेशोत्सवातल्या नाटकांतून. पुढे साहित्य संघातली नोकरी, बारीकसारीक भूमिका, ‘टुरटुर’ या नाटकाने दिलेलं नाव आणि मग सिनेमे. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला आणि त्यात या लेखातले बहुतेक धागे एकत्र आले. नायक गिरगावच्या मंडपातून आलेले लक्ष्मीकांत. तात्या विंचू हा गुंड रंगवला दूरदर्शनच्या चिमणरावांनी, म्हणजे दिलीप प्रभावळकरांनी. त्या गुंडाचा आत्मा ज्या बाहुल्यात शिरतो, तो बाहुला घडवून नाचवला अर्धवटरावांच्या रामदास पाध्यांनी. १९९३ नंतर वाढलेल्या मुलांना तात्या विंचूची भीती वाटली, आणि वर्षानुवर्षं टीव्हीवर तो सिनेमा पाहून त्यांनी त्या भीतीवर प्रेमही केलं. आता पाध्ये कुटुंब कार्यक्रमाला येतं तेव्हा आजोबांना अर्धवटराव हवे असतात आणि नातवाला तात्या विंचू. वडिलांची कला रामदास पाध्यांनी पत्नी अपर्णा आणि मुलगे सत्यजित, परीक्षित यांच्यासह पुढे नेली. एकाच घरात ही कला शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, याला भारतात फार जोड्या सापडणार नाहीत.

प्रभावळकरांच्या बाबतीत तर पिढ्यांचा हा हिशेब आणखी गमतीचा होतो. कुणाला ते चिमणराव, कुणाला ‘चौकट राजा’तला नंदू, कुणाला ‘हसवाफसवी’तल्या सहा भूमिकांमधला एखादा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ पाहत मोठी झालेली मुलं त्यांना आबा म्हणतात, आणि २००६ नंतर साऱ्या देशाने त्यांना ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी म्हणून ओळखलं. एकाच माणसाला पाहून एका घरातली तीन माणसं तीन वेगवेगळी बालपणं आठवतात.

खासगी वाहिन्या आल्यावर वाहतूक उलटीही सुरू झाली: पडद्यानेच मंडपाच्या रीती उचलल्या. अल्फा मराठी १९९९ मध्ये सुरू झाली, पुढे तिची झी मराठी झाली. त्या वाहिनीवर २००४ मध्ये आदेश बांदेकरांचं ‘होम मिनिस्टर’ आलं. कार्यक्रमात होतं काय? घरगुती खेळ, उखाणे, चेष्टामस्करी आणि शेवटी जिंकणारीला पैठणी. म्हणजे हळदीकुंकवाचा आणि मंडळातल्या महिलांच्या स्पर्धांचाच ऐवज, कॅमेऱ्यापुढे मांडलेला. बांदेकर घरात शिरताना ‘वहिनी’ म्हणत आणि महाराष्ट्र त्यांना ‘भावोजी’ म्हणू लागला. आधी नटाला देव म्हणून नमस्कार करणारे प्रेक्षक आता त्याला दीर म्हणून चहा देत होते. मग तो खेळ मंडपात परतला. नवरात्रात, गणपतीत, वॉर्डावॉर्डांत पैठणीचे खेळ सुरू झाले. निवेदक गावोगावचे, नियम तेच, आणि मंचावर यायला एरवी लाजणाऱ्या बायका पदर खोचून फुगे फोडायला पुढे. या खेळांची टिंगल करणं सोपं आहे. पण ज्या मंचावर मुलींनी गावं की नाही यावर शंभर वर्षांपूर्वी रणं माजली, त्याच मंचावर सासू-सून दोघी माइक हातात घेऊन हसतात, हे विसरून चालणार नाही.

हा सगळा सोहळा शनिवार-रविवारला कसा येऊन टेकला, तेही पाहण्यासारखं आहे. पूर्वी दहाही रात्री कार्यक्रम होत आणि नाटक उजाडेपर्यंत चाले. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले. आजारी माणसं, तान्ही मुलं, परीक्षेला बसणारी मुलं यांचा विचार करता हे नियम हवेच होते. पण अंधेरी-ठाण्याहून आठ वाजता घरी पोचणाऱ्याला दहा वाजता संपणारा कार्यक्रम कामाच्या दिवशी मिळणं शक्यच नव्हतं.

शिवाय माणसंही पांगली. गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळींतली कुटुंबं बोरिवली, डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. चाळीचा गणपती मात्र जुन्या जागीच राहिला. ती माणसं वर्षातून एकदा तिथे परततात, आणि परततात ती सुट्टीच्या दिवशी. म्हणून शनिवारी मुलांच्या स्पर्धा, रविवारी सत्यनारायण, संध्याकाळी बक्षीस समारंभ आणि पाहुणा कलाकार, असा क्रम ठरत गेला. तिथी गुरुजींपुरती उरली. गर्दीचा दिवस ठरवणारे रेल्वे आणि कार्यालयं झाली.

परदेशात तर हे उघडच आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. अमेरिकेत शिकागोला १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली आणि त्याचं अधिवेशन दर दोन वर्षांनी, साधारण जुलैत, भरतं. तिथल्या मंडळांचा सार्वजनिक गणपती बहुधा चतुर्थीच्या जवळचा शनिवार पाहून बसतो, कारण बुधवारी सभागृहही मिळत नाही आणि रजाही. भारतातून येणारे नट, गायक, निवेदक एकेका शनिवार-रविवारी एकेक शहर करतात. मॉरिशसमध्ये मात्र ही वेळ येत नाही. तिथे एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांनी हा सण असा रुजवला, की गणेश चतुर्थीला आख्ख्या देशाला सुट्टी असते.

ज्यांनी १९८०-९० मध्ये देश सोडला, त्यांच्यासाठी दूरदर्शनचा चेहरा प्रत्यक्ष पाहणं हे नुसतं मनोरंजन नसतं. त्यांची चाळ पाडली गेली असेल, शाळेचं नाव बदललं असेल, शेजारी कुठे गेले ठाऊक नसेल. तो नट मात्र समोर उभा असतो, केस पिकलेला, आवाज तोच. त्याच्याशी बोलताना लोक त्याच्या अभिनयाबद्दल फार कमी बोलतात. ‘आमच्याकडे टीव्ही नव्हता, आम्ही खालच्या काकूंकडे बघायचो,’ हेच वाक्य बहुतेकांच्या तोंडी येतं. खालच्या काकूंची आठवण सांगायला हा एकच साक्षीदार उरलेला असतो.

आता जे खटकतं ते. पाहुण्याच्या गाडीची वाट पाहत मुलांचा कार्यक्रम तास-दोन तास खोळंबतो. वेशभूषेला बसलेला पाच वर्षांचा शिवाजी मंडपाच्या कडेला झोपून जातो. पाहुणा येतो, दहा मिनिटं बोलतो, फोटोंसाठी झुंबड उडते, आणि दहाचा ठोका पडायला आल्यावर उरलेल्या मुलांना ‘पुढच्या वर्षी’ सांगून घरी पाठवलं जातं. यात पाहुण्याचा दोष नाही. त्याला अजून दोन मंडपांत जायचं असतं. दोष क्रमाचा आहे. ज्या मंचाने सुलोचनाबाईंना आणि लक्ष्मीकांतना उभं केलं, त्यावर पहिला हक्क गल्लीतल्या मुलांचा होता आणि आहे. पाहुणा शेवटी आला तर कुणाचं काही बिघडत नाही, उलट त्याला ऐकायला भरलेला चौक मिळतो.

आणखी एक काम आहे, आणि ते तातडीचं आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग होत्या; एका कार्यक्रमाच्या टेपवर दुसरा कार्यक्रम ध्वनिचित्रित केला जाई. त्यामुळे त्या काळातलं बरंचसं आज पाहायला मिळत नाही. मंचावर जे झालं त्याचं चित्रण तर झालंच नव्हतं. त्याचा पुरावा म्हणजे मंडळांच्या कपाटांतल्या छापील कार्यक्रमपत्रिका, स्मरणिका, मेळ्यांच्या पदांच्या चोपड्या, जमाखर्चाच्या वह्या आणि कुणाच्या तरी घरातले काळे-पांढरे फोटो. कुठल्या वर्षी कोण आलं, त्याला किती मानधन दिलं, नाटकात कोणी काम केलं, हे त्यांत लिहिलेलं आहे. चाळींचा पुनर्विकास होताना हीच कपाटं सर्वांत आधी भंगारात जातात. आपल्या मंडळाचं कपाट यंदा उघडा, पत्रिका वर्षांप्रमाणे लावा, फोटोंच्या मागे नावं लिहून घ्या. ती नावं सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आणि या सगळ्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.